बोटीच्या पोटातले अप्पा

ऊन जरा उतरलं की धक्क्यावर बोटीला कान लावायची रांग लागायची.

रांगेत बर्फाच्या कारखान्यातले कामगार असायचे, जाळी दुरुस्त करणाऱ्या बायका असायच्या, कडेवर पोरं घेतलेल्या आया असायच्या. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापकही असायचे. पण आपण केवळ कुतूहल म्हणून आलोय, हे ते मागच्यापुढच्या चौघांना आधीच सांगून ठेवायचे. फळीवरून एकेक जण बोटीत उतरायचा, तळाच्या लाकडावर पालथा पडायचा, कान चिकटवायचा आणि श्वास रोखून धरायचा. थोड्या वेळाने खालून आवाज यायचा.

"घुर्र... घुर्रर्र..."

पालथा पडलेला माणूस ताडकन उठून बसायचा. "आहेत! अप्पा आहेत!"

"नसायला कुठे जातील?" असं म्हणत मामा त्याला काखेत धरून उठवायचे आणि शिट्टी फुंकून ओरडायचे, "चला, पुढे सरका, आत जागा आहे!" मामा बस कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर हाताला पहिल्यांदाच गर्दी लागली होती, त्यामुळे त्यांची तब्येत एकदम सुधारली होती.

हे सगळं थोरली शेजारच्या बोटीच्या काठावर बसून बघायची. बोट तिच्याच घरची होती. अप्पा म्हणजे तिचे वडील, आणि मामा म्हणजे आईचे भाऊ. ते गेल्यावर बोट तीच चालवणार होती, दोन्ही खलाशांशी बोलणंही झालं होतं. पण स्वतःच्या बोटीवर पाय ठेवायचा तर आता तिलाही रांगेत उभं राहावं लागत होतं.

झालं होतं ते असं. अप्पा गेले ते न्हाव्याच्या खुर्चीत, दाढी करता करता. माणूस समुद्रावर कधी चुकला नाही, वाकला नाही, आणि गेला तो गळ्याशी पांढरा कपडा बांधून. हयातीत ते फार बोलायचे नाहीत. खरं सांगायचं तर बोलायचेच नाहीत. घशातल्या घशात 'हुं' करायचे. आखूड 'हुं' म्हणजे होय, लांब 'हुं' म्हणजे नाही, आणि नाकातून आलेला 'हुं' म्हणजे भाजीत मीठ कमी आहे. एवढ्या सामग्रीवर त्यांनी संसार केला, दोन मुली वाढवल्या, धाकटीचं लग्नही लावून दिलं.

ते गेले तेव्हा बोटीचं इंजिन दुरुस्तीला काढलेलं होतं. बोट धक्क्याला बांधून पडली होती. एका संध्याकाळी मामा थंडाव्यासाठी म्हणून तिच्या तळात जाऊन आडवे झाले आणि कानाखालून 'घुर्र' आलं. मामांनी तिथूनच घरी फोन लावला.

"ताई, भावोजी बोलतायत!"

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"नेहमीचंच."

आई होती तशी धावत धक्क्यावर गेली. तिने कान लावला. आवाज ऐकला. आणि त्याच दिवसापासून घर, बोट आणि अक्कल अशा तिन्ही गोष्टी मामांच्या ताब्यात गेल्या.

बातमी पसरली तशी महाराज उगवले. आले कुठून ते कुणी विचारलं नाही. पांढरेशुभ्र कपडे, काखेत पितळेचं भलंमोठं नरसाळं, आणि डाव्या कानात कापसाचा बोळा. बोळा कशाला? तर जिवंत माणसांची बडबड आत जाऊन मृतांच्या बोलण्यात मिसळू नये म्हणून. त्यामुळे त्यांना अडचणीचे प्रश्न ऐकूच यायचे नाहीत. जेवायला बोलावलेलं मात्र बोळ्यातूनही जायचं.

"मृतांची भाषा ही जलभाषा," महाराज नरसाळ्याचं टोक कानाला आणि तोंड बोटीच्या तळाला लावून सांगायचे. "तिच्यात क्रियापद नसतं. कर्ता तर मेलेलाच असतो. क्रियापद मी घालतो."

खालून यायचं, "घुर्र."

महाराज डोळे मिटायचे. "अप्पा म्हणतात, 'अगं, तुझ्या हातच्या चहाची सर इथल्या पाण्याला नाही. हयातीत बोललो नाही, पण प्रत्येक घोटाला मनात म्हणायचो, वा! आणि ती निळ्या काठाची साडी तुला फार शोभून दिसायची.'"

"एका 'घुर्र'मध्ये एवढं सगळं?" थोरलीने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"दाब, बाळ, दाब!" महाराज म्हणाले. "पाण्याखाली दाब असतो. शब्द दाबून बारीक होतात."

प्राध्यापकांनी मान डोलावली. दाब असतो, ही गोष्ट खरीच होती.

आई मात्र लाजली. साठीची बाई, नवरा गेल्यावर तोंडाला पदर लावून लाजली. ते बघून थोरली तशीच फळीवरून धक्क्यावर परतली.

मग सगळ्या धक्क्यालाच लागण झाली. बर्फवाल्याने स्वतःच्या होडीला कान लावला, तिथेही 'घुर्र' आलं. महाराजांनी ऐकून सांगितलं, हे तुमचे चुलते, अजून रागावलेले आहेत. जाळीवालीच्या होडीत तिची सासू निघाली आणि तिने पहिल्याच वाक्यात सुनेच्या हाताला चव नसल्याचं कळवलं. सून तीन दिवस रडत होती. पुढे बंदर खात्याच्या सरकारी लाँचमधूनही आवाज आला, तेव्हा मोठाच पेच पडला. सरकारचे आजोबा कोण? लाँचच्या साहेबांनी तोंडी हुकूम काढला की, संबंधित पूर्वजांची ओळख पटेपर्यंत इंजिन सुरू करू नये.

कारण इंजिन चालू केलं की आवाज बंद व्हायचा. महाराज म्हणायचे, यंत्राच्या आवाजाने आत्म्यांचं डोकं दुखतं. त्यामुळे भर हंगामात निम्मा धक्का बांधून पडला. थोरलीच्या बोटीचं इंजिन दुरुस्त होऊन बसलं होतं, तरी तिचे दोन्ही खलाशी दिवसभर पत्ते खेळायचे आणि तिच्याकडे बघायचं टाळायचे.

मग एका संध्याकाळी अप्पा जास्तच बोलले. बोट कुणी हलवू नये. थोरलीने समुद्रावर जाऊ नये, तिने आपलं घर बघावं. आणि येत्या रविवारी सर्वांसमक्ष बोट महाराजांच्या स्वाधीन करावी. म्हणजे ते तिथेच राहतील आणि हा संवाद अखंड चालू राहील.

घरी थोरलीचा तोल सुटला.

"आई, अप्पा गेले न्हाव्याच्या खुर्चीत. त्यांना बोलायचंच असेल तर ते खुर्चीतून बोलतील ना? बोटीच्या तळात जायचं कारण काय?"

"खुर्चीत बसून ते कधी बोलले होते का?" आईने तितक्याच ठामपणे विचारलं.

"मी घर बघावं म्हणतात! मला सुकाणू धरायला शिकवलं कुणी? त्यांनीच ना?"

आई भांडी पुसत होती. हातातलं ताट तिने खाली ठेवलं. "हे बघ, मी काही खुळी नाही. पण उभ्या जन्मात या माणसाने मला एक गोड शब्द दिला नाही. आता मिळतोय, तर तू माझ्या तोंडचा काढून घ्यायला बसलीस. बोट गेली तर गेली. त्यांचीच होती."

थोरलीने ते ताट उचलून फडताळात ठेवलं. एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. पहिल्या दिवशी सगळे गेल्यावर तिनेही कान लावून हळूच "अप्पा?" म्हटलं होतं. खालून 'घुर्र' आलं होतं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला होता. तेव्हापासून तिला स्वतःच्याच कानांची शंका यायला लागली होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी ती कानाच्या डॉक्टरकडे गेली.

या डॉक्टरबाई धक्क्यावर सगळ्यांना माहीत होत्या. दवाखाना संपला की त्या गळ घेऊन बंधाऱ्याच्या टोकाला बसायच्या, आणि त्यांच्या गळाला आजवर एक चप्पल सोडली तर काही लागलेलं नव्हतं. त्यांनी थोरलीचे कान तपासले. दोन्ही ठणठणीत निघाले.

"म्हणजे आवाज खरा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "चांगली गोष्ट आहे. आता मला सांग, अप्पा सकाळी बोलतात का?"

"नाही. ऊन उतरल्यावरच."

"आणि शेजारून एखादी बोट इंजिन लावून गेली तर?"

"एकदम गप्प होतात."

"हयातीत इंजिनाचा त्रास व्हायचा त्यांना?"

"छे हो! इंजिनाला पाठ टेकून घोरायचे."

"मग मेल्यावर इतके नाजूक कसे झाले?" डॉक्टरांनी बॅटरी खाली ठेवली. "हे बघ, आवाज आला म्हणजे कुठेतरी काहीतरी थरथरतंय. आत्म्याला घसा नसतो. ज्याला घसा नाही, जीभ नाही, त्याचं नेमकं काय थरथरतंय, एवढंच आपल्याला शोधायचंय. कान मी बघते. बोटीखालचं पाणी तुझ्या माहितीचं."

त्या संध्याकाळी पलीकडच्या बाजूने, गर्दीची नजर चुकवून, दोघी छोट्या होडीतून बोटीला लगटल्या. वर महाराज कुणाच्या तरी आजीची क्रियापदं घालत होते. थोरलीने गळाला कोळंबी लावली आणि दोरी थेट बोटीच्या पोटाखाली सोडली. थोडा वेळ नुसतंच पाणी चुळचुळलं. मग दोरीला असा हिसका बसला की होडी कलंडता कलंडता राहिली. थोरलीने दोरी हातावर घेत घेत मासा वर काढला. हातभर लांबीचा, चंदेरी अंगाचा घोळ मासा. तिने त्याला दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरला.

"घुर्र," मासा म्हणाला. "घुर्रर्र."

अप्पांचाच आवाज.

थोरलीला आधी हसू फुटलं. ते दाबायला तिने तोंडात पदर कोंबला, आणि मग ती हसतेय की रडतेय ते डॉक्टरांना कळेना.

"अहो, हा आवाज मी लहानपणापासून ऐकतेय," ती दम खात म्हणाली. "जाळं वर ओढलं की पाट्यांमधून हेच चालू असतं. इथल्या शेंबड्या पोरालाही माहितीये घोळ घुरघुरतो ते! मग एकालाही आठवलं कसं नाही?"

"खोल समुद्रात, इंजिनाच्या धडधडीत, पाटीत ऐकलेला आवाज तो. इथे हे आपल्या विणीच्या दिवसांत खाडीत आलेत, बांधून पडलेल्या बोटींच्या सावलीत जमलेत, आणि वर लाकडाचा एवढा मोठा ढोल. आवाज घुमणारच." डॉक्टर माशाकडे कौतुकाने बघत म्हणाल्या. "शिवाय मासा शोधायला कोण आलं होतं? सगळे अप्पांना शोधत होते."

रविवारी धक्क्यावर मुंगीला शिरायला वाट नव्हती. छपरांवर माणसं, क्रेनच्या शिडीवर माणसं. सरकारी लाँचचे साहेब गणवेशात आले होते. ज्याच्या खुर्चीत अप्पा गेले तो न्हावी मात्र नेहमीसारखा मागे, दिव्याच्या खांबापाशी उभा होता. तो कधी बोटीत उतरलाच नव्हता. आई निळ्या काठाची साडी नेसून बोटीत बसली होती. मामा शिट्टी फुंकून फुंकून लालबुंद झाले होते.

थोरली पुढे झाली. "महाराज, बोट द्यायला माझी ना नाही. पण अप्पा आता तळातून उठून केबिनमध्ये आलेत. मला तिथून आवाज येतोय. जाण्याआधी त्यांना काहीतरी सांगायचंय वाटतं."

केबिनच्या दाराला ताडपत्री लावलेली होती. आतून खरोखरच आवाज आला. "घुर्रर्र!"

महाराजांनी क्षणभर थोरलीकडे संशयाने पाहिलं. पण हजार डोळे नरसाळ्यावर लागले होते. त्यांनी ते ताडपत्रीला लावलं आणि डोळे मिटले.

"अप्पा म्हणतात, 'थोरले, तुझा हा त्याग पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी आता हलका झालो, तरंगतोय. महाराज हेच माझे वारस.'"

"नक्की अप्पाच ना? नीट ऐका हं."

"बाळ, बापाचा आवाज मुलीला ओळखू येत नाही, पण मला येतो!"

थोरलीने ताडपत्री ओढली. आत डॉक्टरबाई उकिडव्या बसल्या होत्या, केस विस्कटलेले, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. त्यांच्या कुशीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेला घोळ मासा होता. तो महाराजांकडे बघून म्हणाला, "घुर्र."

महाराज क्षणभरच गडबडले. मग दोन्ही हात वर करून गरजले, "बघितलंत! अप्पांनी माशाचं रूप घेतलं!"

आणि काय सांगावं, मामांनी टोपी काढून माशापुढे लोटांगण घातलं! "भावोजी!" त्यांच्यामागे आणखी दहाबारा जण धडाधड खाली गेले. थोरलीने कपाळाला हात लावला. पुरावा डोळ्यांसमोर तडफडत होता आणि लोक त्याच्या पाया पडत होते.

डॉक्टर मात्र शांत होत्या. त्यांनी पहिला मासा पाण्याच्या पिंपात सोडला आणि दुसरा काढला. "घुर्र." मग तिसरा. "घुर्र, घुर्र." मग एका खलाशाने चौथा उचलला.

"मामा," थोरली म्हणाली, "यातले भावोजी कोणते?"

मामा लोटांगणातूनच मान वर करून एकेका माशाकडे बघू लागले. गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं.

"हा बर्फवाल्याचा चुलता दिसतोय," एक खलाशी म्हणाला. "रागावलेला आहे."

"आणि ही माझी सासू!" जाळीवाली मागून ओरडली. "सोडू नका तिला!"

मग हसण्याचा असा फुगा फुटला की छपरावरचे लोक एकमेकांना धरून बसले. "अहो, सगळा घोळच की हा!" असं कुणी म्हणालं, आणि ते वाक्य धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. सरकारी साहेबांनी हळूच गणवेशाची टोपी काखेत घेतली.

हसत नव्हती ती फक्त आई. ती उठली, पिंपापाशी आली आणि पाण्यात बघत राहिली.

"म्हणजे इतके दिवस मी माशाशी बोलत होते?"

थोरलीला वाटलं, आपण हे करायला नको होतं. तिने आईचा हात धरला. "मासा तरी खरं बोलत होता गं आई. तो त्याच्या माशिणीला हाका मारत होता. खोटं बोलत होता तो नरसाळं धरणारा."

डॉक्टरांनी मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. या माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्या दोन्ही बाजूंना स्नायू असतात. ते भराभर आखडले की पिशवी ढोलकीसारखी थरथरते, तोच हा आवाज. विणीच्या दिवसांत संध्याकाळी नर एकत्र जमून असे घुरघुरतात. इंजिन लागलं की बुजतात. "ज्याला वाटेल त्याने इथे येऊन माशाच्या पोटाला हात लावावा. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही."

पहिला हात प्राध्यापकांनी लावला. "थरथरतंय," ते म्हणाले, आणि खात्रीसाठी दुसराही हात लावून बघितला.

सगळ्यांचे हात लावून झाले, आई आणि बाकीची मंडळी धक्क्यावर उतरली, तसं थोरलीने इंजिन सुरू केलं. तळातला आवाज क्षणात बंद झाला. दोर सुटला, बोट हलली, आणि मगच सगळ्यांच्या ध्यानात आलं की महाराज अजून बोटीतच आहेत. बंदराच्या तोंडाशी पहिली लाट लागली तसे जलभाषेचे जाणकार काठावर ओणवे झाले आणि पोटातली सगळी क्रियापदं समुद्रात ओकले. कानातला बोळा कधीच गळून पडला होता.

"घ्या," थोरलीने त्यांच्यापुढे पाण्याची बाटली धरली. "आता खरं सांगा."

"यंत्रं विकायचो, बहिऱ्या लोकांच्या कानात घालायची," महाराज कण्हत म्हणाले. "एका बंदरात खाडीवरच्या खोलीत भाड्याने राहायचो. खालून हे मासे घुरघुरायचे. घरमालकीण म्हणाली, आमचे हे बोलतायत, काय म्हणतात सांगा. मी गंमत म्हणून सांगितलं. तिने भाडं घ्यायचं सोडलं. ताई, धंदा मी काढला नाही हो. लोकांनीच हातात दिला."

"तुम्ही तो घेतलात," थोरली म्हणाली आणि बोट वळवली.

धक्क्यावर कुणी त्यांना मारलं नाही. ते नरसाळं विसरून, अजूनही झोकांड्या खात, बस थांब्याकडे गेले.

आई धक्क्यावरच बसून होती. गर्दी पांगल्यावर ती उठली ती सरळ दिव्याच्या खांबाकडे गेली. न्हावी तिला येताना बघून मागे सरला.

"मी रोज त्यांना एकच विचारायचे," आई म्हणाली. "शेवटी त्रास झाला का. महाराज म्हणायचे, प्रकाश दिसला. तू तिथे होतास. तू सांग."

न्हावी खांबाला टेकला. "वहिनी, मी तुम्हाला तोंड दाखवायला घाबरत होतो. माझ्या हातात वस्तरा होता ना. अप्पा म्हणाले, 'जरा थांब.' मग डोळे मिटले. मला वाटलं डुलकी लागली. त्रास असा दिसला नाही. एवढंच माहीत आहे मला. प्रकाशाचं मला काही माहीत नाही." तो थांबला. "एका गालाची राहिली होती. ती मी नंतर केली. अर्धवट कसं पाठवायचं घरी?"

आई पहिल्यांदा मोकळेपणाने रडली. मग तिने डोळे पुसले आणि त्याचा हात हातात घेतला. दोन गल्ल्या पलीकडे, जितंजागतं उत्तर इतके दिवस उभं होतं. ते ऐकायला नरसाळं लागत नव्हतं.

माणूस गेला की त्याचा आवाज ऐकावासा वाटतो, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. थोरलीलाही वाटला होता, आणि ती काही मूर्ख नव्हती. पण आपल्या दुःखाचं भाषांतर करून द्यायला कुणी आलं, की आधी त्याला बाजूला बसवा आणि तळाखाली काय आहे ते बघा. सकाळी येतो का तो आवाज? दुसरीकडे येतो का? कशाने थांबतो? एवढे साधे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, आणि ते विचारल्याने गेलेल्या माणसाचा अपमानही होत नाही. ज्याच्या सांगण्यात खरं असतं, तो प्रश्नांनी चिडत नाही. तो म्हणतो, या, हात लावून बघा.

सोमवारी पहाटे थोरलीची बोट दोन्ही खलाशांसह बाहेर पडली. तिच्यामागून बर्फवाल्याची होडी निघाली, जाळीवालीची निघाली, आणि सगळ्यात शेवटी, आजूबाजूला कुणी बघत नाही ना याची खात्री करून, सरकारी लाँच.